पाय थांबल्यानंतरची गोळी



ह्या सदरात मी बहुधा घरातील भांडणे, मुलांचे शिक्षण, म्हाताऱ्यांची देखभाल अशा विषयांवर लिहितो. आज एका औषधाच्या गोळीविषयी लिहावयाचे आहे. मी वैद्य नव्हे, हे आरंभीच सांगून टाकतो. परंतु ह्या गोळीच्या बाबतीत माझ्या हातून एक चूक घडली. ती चूक दुसऱ्या कोणाच्या घरी पुन्हा घडू नये, म्हणून हैदराबादेच्या डॉक्टरांनी मला जे समजावून सांगितले आणि त्यानंतर मी जे वाचले, ते तुमच्यापुढे ठेवीत आहे.

आमचा भाग मराठवाड्याच्या पूर्व सीमेवरचा. मोठे दुखणे आले की इकडची माणसे मुंबई-पुण्याकडे पाहत नाहीत; ती हैदराबादेची वाट धरतात. निजामाच्या काळापासून ही वहिवाट आहे. 1956 साली राज्यांची सीमा बदलली, पण दुखण्याची वाट बदलली नाही. माझी सेमिनरीतील काही वर्षे हैदराबादेत गेल्यामुळे मला तेलुगू मोडकेतोडके बोलता येते. म्हणून गावातून कोणी आजारी तिकडे निघाला, की पुष्कळदा मलाच सोबत नेतात.

आमच्या धर्मग्रामातील एका घरी बारा वर्षांचा मुलगा आहे. चौथ्या-पाचव्या वर्षापासून तो चालता चालता पडू लागला. पोटऱ्या मात्र पैलवानासारख्या भरलेल्या. जमिनीवरून उठताना आधी गुडघ्यांवर हात, मग मांड्यांवर हात, असा स्वतःच्याच अंगावर चढत चढत तो उभा राही. पोरगे आळशी आहे, असे शाळेत म्हणत. हैदराबादेत तपासणी झाली आणि नाव कळले: ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी. मराठीत आपण त्यास स्नायुक्षय म्हणू. तेव्हापासून डॉक्टरांनी त्यास रोज सकाळी स्टेरॉइडची गोळी सुरू केली होती.

गेल्या पावसाळ्यात त्याचे पाय पूर्ण थांबले. उभे राहणेही सुटले. एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर त्याची आई माझ्याजवळ आली व म्हणाली, “फादर, लेकराचे पाय गेले. आता ह्या गोळ्या कशाला? गोळ्यांनी अंग सुजल्यागत झालंय. चेहरा बघा कसा गोल झालाय. मला एकटीला उचलवत नाही.”

मी तिची पाठ पाहिली. ती खरोखर वाकली होती. आणि मी म्हणालो, “पायांसाठी औषध होते. पाय गेले, तर आता लेकराच्या पोटात कशाला घालता?” मला ते शहाणपणाचे वाटले. दयेचेही वाटले.

पाच दिवसांनी मुलास ताप आला. सहाव्या दिवशी उलट्या. सातव्या दिवशी तो डोळे उघडीना. तालुक्याच्या गावी सलाईन लावली. पण मुलगा वर्षानुवर्षे कोणती गोळी घेत होता आणि ती आठवड्यापूर्वी अचानक बंद केली आहे, हे तेथील डॉक्टरांस आम्ही कोणी सांगितलेच नाही. आम्हांला ते सांगण्यासारखे वाटले नाही. रात्री गाडी करून हैदराबादेस गेलो. तेथील एका रुग्णालयात तरुण डॉक्टरीणबाईंनी जुने कागद चाळले आणि पहिलाच प्रश्न केला, “स्टेरॉइड कधी थांबवले?” आईने माझ्याकडे पाहिले. मी खाली पाहिले. शिरेतून हायड्रोकॉर्टिसोन दिले गेले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मुलाने पाणी मागितले.

ह्यानंतर त्या बाईंनी मला जे सांगितले ते असे. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या दोन लहान ग्रंथी असतात. ताप, अपघात, शस्त्रक्रिया असे काही संकट शरीरावर आले, की त्या कॉर्टिसोल नावाचा रस जास्त प्रमाणात सोडतात आणि शरीर तग धरते. स्टेरॉइडची गोळी म्हणजे त्याच जातीचे द्रव्य, पण बाहेरून दिलेले. घरात रोज शेजारून दळलेले पीठ येऊ लागले, तर घरचे जाते कोपऱ्यात पडून राहते. तशा ह्या ग्रंथी हळूहळू काम थांबवितात. पुढे एके दिवशी शेजारचे पीठ अचानक बंद झाले, तर जाते लगेच फिरत नाही. त्याच सुमारास पाहुणा आला, म्हणजे ताप आला, की घर उपाशी पडते. काही आठवड्यांपेक्षा जास्त काळ घेतलेले स्टेरॉइड म्हणूनच कधीही एकदम बंद करावयाचे नसते. थांबवावयाचे ठरलेच, तर डॉक्टर आठवड्यांच्या, महिन्यांच्या हिशेबाने ते पायरीपायरीने उतरवितात. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल, तर घरी वाट न पाहता इंजेक्शनसाठी रुग्णालय गाठावयाचे असते.

एवढे झाले अचानक थांबविण्याविषयी. पण त्या बाईंनी माझ्या दुसऱ्या, मोठ्या चुकीवरही बोट ठेवले. “फादर, ही गोळी फक्त पायांसाठी होती असे आपणांस कोणी सांगितले?”

ह्याचे उत्तर समजण्यासाठी रोग काय आहे ते थोडे पाहिले पाहिजे. आपल्या स्नायूंच्या प्रत्येक तंतूस बारीक वेष्टन असते. त्यास आतून धरून ठेवणारे डिस्ट्रोफिन नावाचे प्रथिन आहे. अमेरिकन संशोधकांनी ते 1987 साली ओळखले. रोगाचे वर्णन मात्र फ्रेंच वैद्य ड्युशेन यांनी 1860 नंतरच्या दशकातच केले होते. मातीच्या भिंतीस लिंपण घालताना आपण त्यात भुसा मिसळतो. भुसा नसेल तर लिंपण पहिल्याच उन्हात भेगाळते. ह्या मुलांच्या स्नायूंत डिस्ट्रोफिनचा भुसाच नसतो. प्रत्येक हालचालीने वेष्टनास भेगा पडतात, तेथे दाह होतो, आणि वर्षानुवर्षे असे घडत राहिले की स्नायूंच्या जागी चरबी व निबर तंतू भरतात. पोटऱ्या भरलेल्या दिसतात त्या मुख्यतः ह्यामुळे.

भुसा निर्माण करणे स्टेरॉइडच्या हाती नाही. ते दाह कमी करते आणि पडझडीचा वेग मंद करते. आता विचार करा. पडझड काय पायांतच चाललेली असते? मांड्या आधी जातात. पण दंड, मनगटे, पाठ, छातीच्या फासळ्यांमधील स्नायू, श्वासाचा पडदा, हृदय हेही स्नायूच. पाय थांबले त्या दिवशी ह्या सर्वांत अजून जीव असतो. आणि पुढील सारे आयुष्य त्यांच्याच जोरावर काढावयाचे असते.

स्टेरॉइडची गोष्ट तशी फार जुनी नाही. 1948 साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये सांधे आखडलेल्या एका स्त्रीस कॉर्टिसोन प्रथम दिले गेले, आणि 1950 साली त्या कामासाठी हेंच, केंडाल व राइखश्टाइन ह्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. स्नायुक्षयात प्रेडनिसोनचा उपयोग होतो असे ड्राकमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1974 साली लिहिले. लोकांचा त्यावर सहज विश्वास बसला नाही. 1989 साली 103 मुलांवरील चाचणीचा निकाल आला. काहींना औषध, काहींना नुसती औषधासारखी दिसणारी गोळी, असे सहा महिने देऊन पाहिले होते. औषध घेणाऱ्यांची शक्ती वाढली होती. त्यानंतर वाद उरला तो औषध किती व कसे द्यावे एवढ्यापुरता. आज मुख्यत्वे दोन औषधे वापरली जातात: प्रेडनिसोलोन आणि डेफ्लाझाकॉर्ट. भारतात दोन्ही कित्येक वर्षांपासून मिळतात, आणि ह्या रोगावरील नव्या औषधांच्या मानाने ती पुष्कळच स्वस्त आहेत.

पाय थांबल्यानंतर काय, ह्या प्रश्नावर 2018 साली ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय पत्रिकेत एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. नऊ देशांतील 440 रुग्णांवर दहा वर्षांपर्यंत नजर ठेवली होती. आपल्या चेन्नईचे केंद्रही त्यात होते. ज्यांनी वर्षभर वा अधिक काळ स्टेरॉइड घेतले, त्यांच्या पायांची कामे, म्हणजे उठणे, जिना चढणे, चालणे, सुमारे दोन ते साडेचार वर्षे उशिराने सुटली. पण हातांचा आकडा मला अधिक बोलका वाटला. डोक्यावर हात नेणे, घास तोंडाशी नेणे, बोटांनी वस्तू धरणे ही कामे सुमारे तीन ते आठ वर्षे उशिराने सुटली. वर्षभर वा अधिक काळ औषध घेणाऱ्यांपैकी शंभरात 9 जण ह्या रोगाने दगावले. ज्यांनी कधीच घेतले नव्हते त्यांच्यात शंभरात 19. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी नव्हे, हेही सांगावयास हवे. पाय थांबल्यानंतरच्या काळाचा पुरावा त्याआधीच्या काळाइतका भक्कम नाही. तरीही 2018 सालीच तज्ज्ञांनी जगभरासाठी जे मार्गदर्शन लिहिले, त्यात चालणे थांबल्यावरही स्टेरॉइड चालू ठेवावे, असेच सांगितले आहे.

पाठीचेही ऐकण्यासारखे आहे. चाकाच्या खुर्चीत बसणाऱ्या मुलाची पाठ एका बाजूस कलू लागते, आणि कलती पाठ फुप्फुस दाबते. कॅनडातील टोरांटो येथे 54 मुलांची पाहणी 2004 साली प्रसिद्ध झाली. औषध न घेतलेल्या 24 मुलांपैकी 16 जणांच्या कण्यास बाक आला. डेफ्लाझाकॉर्ट घेतलेल्या 30 पैकी फक्त 5 जणांच्या. कण्याची शस्त्रक्रिया म्हणजे काय, हे ज्यांनी रुग्णालयाच्या बाकावर बसून पाहिले आहे त्यांस ह्या आकड्यांचा अर्थ वेगळा सांगावयास नको.

घास तोंडाशी नेणे! आपण सुदृढ माणसे ह्या कामाची कधी गणती तरी करतो काय? त्या मुलाची आई मला म्हणाली, “तो हातानं जेवतो तेवढा वेळ मी भाकरी थापून घेते.” तिच्या दिवसातील तो अर्धा तास त्या गोळीवर उभा होता, आणि मी तो सहज काढून घेण्यास निघालो होतो.

आता दुसरी बाजू. औषध निर्दोष आहे असे म्हणणे खोटेपणा होईल, आणि आईची तक्रार खोटी नव्हती. भूक वाढते, वजन वाढते, चेहरा गोल होतो. उंची खुंटते, पोरगे वयात येण्यास उशीर होतो, आणि हे त्यास मनातून फार लागते. काही मुले चिडखोर होतात. मग त्यास वळण नाही, असे घरचे समजतात. डोळ्यांत मोतीबिंदू होऊ शकतो, रक्तदाब व साखर वाढू शकते. सर्वांत वाईट म्हणजे हाडे ठिसूळ होतात. बसल्या जागी मणका चेपतो आणि मूल नुसते पाठ दुखते म्हणते. खुर्चीतून उतरविताना मांडीचे हाड मोडले आणि त्यानंतर श्वास लागला वा मूल गोंधळल्यासारखे बोलू लागले, तर हाडातील चरबी रक्तातून फुप्फुसात गेलेली असू शकते. तेव्हा तासही दवडू नये.

म्हणून गोळी चालू ठेवणे म्हणजे डोळे मिटून चालू ठेवणे नव्हे. चालणे थांबल्यावर डॉक्टर पुष्कळदा वजनाच्या मानाने मात्रा कमी करतात. आमच्या मुलाच्या बाबतीत तसेच केले गेले. ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम ह्यांकडे पाहिले, कण्याचा क्ष-किरण काढला, डोळे तपासले. जेवणाविषयी एका बाईंनी आईस समजावले: मीठ, साखर व तळण कमी, डाळ, भाजी, ताक, अंडे असू द्यावे. आमच्याकडे आजारी मुलास लाडाने भजी व बिस्किटे देण्याची जी पद्धत आहे, तिला मात्र त्या बाई चांगल्याच रागावल्या. आईस उचलण्याची रीत शिकविली. चादरीवरून सरकवून नेले तर एकटीलाही जमते. खरे पाहता तिने माझ्याकडे मागितले होते ते हेच. तिला उचलवत नव्हते. मी उचलण्याचा मार्ग शोधावयाचा सोडून गोळी बंद करण्याचा सल्ला दिला.

हृदयाची तपासणी वर्षातून एकदा तरी करावयाची असते, छातीत दुखो वा न दुखो. त्यासाठी वेगळी औषधे आहेत आणि ती लवकर सुरू केलेली बरी. फुंकर मारून श्वासाची ताकद मोजण्याचे यंत्र असते, तेही दर खेपेस करून घ्यावे. सकाळी डोके दुखणे, रात्री वारंवार जाग येणे, खोकला जोराने न येणे ह्या गोष्टी सांगावयास विसरू नये. रात्री नाकावर लावावयाच्या श्वासयंत्राने कित्येक तरुणांचे आयुष्य वाढले आहे.

एक इशारा द्यावासा वाटतो. मस्क्युलर डिस्ट्रॉफी हे एका रोगाचे नाव नसून कुळाचे नाव आहे. कंबर-खांद्याचा, चेहरा-खांद्याचा, मोठेपणी सुरू होणारा, असे तिचे अनेक प्रकार आहेत. स्टेरॉइडचा हा लाभ ड्युशेन प्रकारातला. डिस्फर्लिन नावाच्या प्रथिनाच्या अभावी होणाऱ्या प्रकारात डेफ्लाझाकॉर्ट देऊन पाहिले, तेव्हा लाभ झाला नाही. शक्ती कमी होण्याकडेच कल दिसला. तेव्हा एका घरची गोळी दुसऱ्या घरच्या रुग्णास उसनी देऊ नये. ज्याने पूर्वी कधीच स्टेरॉइड घेतले नाही आणि ज्याचे पाय आता थांबले आहेत, त्यास ते नव्याने सुरू करावे की नाही, हे तर तज्ज्ञाने त्या मुलाची हाडे, वजन, श्वास पाहूनच ठरवावयाचे असते. आणि कोणी नाव न सांगता पुड्या देत असेल, तर त्या घेऊच नयेत. अशा पुड्यांत कधी कधी स्टेरॉइडच मिसळलेले असते. पुडी संपली की आमच्या घरी घडले तेच घडू शकते. मूलपेशींची इंजेक्शने लाखो रुपये घेऊन देणारेही आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने 2017 च्या मार्गदर्शनात स्नायुक्षयासारख्या रोगांवर असे उपचार अधिकृत चाचणीबाहेर करण्यास मान्यता दिलेली नाही. शेत विकण्यापूर्वी हे कोणाकडून तरी वाचून घ्यावे.

नवी औषधे येत आहेत. व्हॅमोरोलोन नावाचे, हाडे व उंची ह्यांस कमी त्रास देईल अशा अपेक्षेने बनविलेले स्टेरॉइड अमेरिकेत 2023 साली मान्य झाले. जनुक-उपचाराचे नाव वर्तमानपत्रांत वाचून पुष्कळजण विचारतात. 2025 साली तो घेतल्यानंतर चालणे थांबलेल्या दोन मुलांचे यकृत निकामी होऊन मृत्यू झाला, हेही त्याच वर्तमानपत्रांत आले होते. तेव्हा जुन्या स्वस्त गोळीस आज हसण्याचे कारण नाही.

हैदराबादेविषयी थोडे. पंजागुट्टा येथील निजाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस, ज्यास सारे निम्स म्हणतात, आणि डीएनए फिंगरप्रिंटिंगचे सरकारी केंद्र मिळून 2021 च्या राष्ट्रीय दुर्मीळ रोग धोरणाखाली उत्कृष्टता केंद्र म्हणून नेमलेले आहेत. त्या धोरणात ड्युशेनचा समावेश असून, नेमलेल्या केंद्रांत नोंद झालेल्या रुग्णास 50 लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद आहे. ती रक्कम आयुष्यभराच्या महागड्या औषधांस पुरणारी नाही. पण नोंद करून ठेवावी. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मस्क्युलर डिस्ट्रॉफीचे स्वतंत्र नाव आहे, म्हणून दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्रही काढावे. शाळा, परीक्षा, प्रवास ह्यांत ते कामी येते.

आणि रक्ताची तपासणी केवळ मुलाची नव्हे, आईचीही करावी. हा रोग आईकडून मुलग्यांत उतरतो. मुलीस बहुधा होत नाही, पण ती तो पुढे नेऊ शकते. मावशा व बहिणी ह्यांचाही प्रश्न असतो. साधारण तीनपैकी एका मुलात मात्र दोष नव्यानेच उत्पन्न झालेला असतो, आईत तो नसतोच. हे मी मुद्दाम लिहितो, कारण आमच्या गावी त्या बाईस सासरच्यांनी पुष्कळ बोल लावले. कोणाच्या पापाने हे झाले, असा प्रश्न जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी प्रभूसही विचारला होता. उत्तर आपण उपवासकाळात वाचतो आणि घरी जाऊन विसरतो.

रुग्णालयातून निघताना डॉक्टरीणबाईंनी एक कागद लिहून दिला: रोगाचे नाव, गोळीचे नाव, मात्रा, “स्टेरॉइड अचानक थांबवू नये”, आणि ताप, उलट्या, हाड मोडणे वा शस्त्रक्रिया असल्यास काय द्यावे ते. मी त्याच्या तीन प्रती केल्या. इंग्रजी मूळ, मराठी आणि तेलुगू. एक मुलाच्या खुर्चीच्या पिशवीत असते, एक घरात क्रूसाच्या शेजारी भिंतीस लावली आहे, एक माझ्यापाशी. तालुक्याच्या डॉक्टरांसही नेऊन दाखविली. त्यांनी स्वतःच्या वहीत उतरवून घेतली.

परवा त्या घरी गेलो होतो. मुलगा खुर्चीत बसून शेंगा सोलीत होता. फोल खाली, दाणे वाटीत, आणि मधूनच एखादा दाणा तोंडात. आई चुलीपाशी होती. मला पाहताच ती म्हणाली, “फादर, आज सकाळची गोळी झाली बरं का.” हल्ली मी दिसलो की ती हे सांगतेच.